पायांनी मोजलेली सूर्यमाला

शालेय पुस्तकातील सूर्यमालेच्या चित्रावरून ग्रहांविषयी जी कल्पना आपल्या मनात रुजते ती बहुधा सदोष असते, आणि त्याचा बोल चित्रकाराला लावता येत नाही. कारण ग्रहांचे आकार व त्यांच्यामधील अंतरे एकाच प्रमाणात दाखवायची, तर पृथ्वी जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढी काढूनही कागद शेकडो मीटर लांबीचा घ्यावा लागेल. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरालगत, युटलीबर्ग ते फेल्सेनेग या डोंगरधारेवर, १९७९ साली खुला झालेला सुमारे ६ किलोमीटरांचा ग्रहपथ हीच अडचण दूर करतो. त्याचे प्रमाण एकास एक अब्ज, म्हणजे पायाखालचा प्रत्येक मीटर दहा लक्ष किलोमीटरांच्या हिशेबाचा.

मित्रमंडळींसह सकाळच्या आगगाडीने युटलीबर्गला उतरून चालू लागले की आरंभी १.३९ मीटर व्यासाचा सूर्य भेटतो, आणि बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे चारही ग्रह अवघ्या २३० मीटरांत मागे पडतात. सूर्यापासून १५० मीटरांवर असलेली पृथ्वी जेमतेम १३ मिलिमीटरांची. तिच्यापासून चंद्राचे अंतर या मापाने ३८ सेंटिमीटर भरते, आणि मानवाने स्वतः केलेला दूरात दूरचा प्रवास या हातभर जागेतच सामावतो, हे तेथे वाकून पाहताना ध्यानात येते. गुरू ७७८ मीटरांवर, शनी १.४ किलोमीटरांवर, आणि नेपच्यून थेट ४.५ किलोमीटरांवर, मधल्या मजला झाडीतून, डावीकडे झुरिकचे सरोवर न्याहाळत, गप्पांत सरतात. प्रत्यक्षात ग्रह असे एका रांगेत उभे नसतात, हे मात्र विसरता कामा नये. प्लूटोचे ग्रहपद २००६ साली रद्द झाले असले, तरी जुन्या आखणीनुसार या वाटेवर त्याचे स्थान कायम आहे.

याच मापाने प्रकाशाची गती सेकंदाला केवळ ३० सेंटिमीटर होते. आपण दोन-अडीच मिनिटांत सूर्याकडून पृथ्वीपाशी येतो, प्रकाशाला त्यासाठी ८ मिनिटे २० सेकंद लागतात; आणि नेपच्यून गाठायला त्याला चार तासांहून अधिक अवधी लागत असता आपण दुपारच्या जेवणाआधीच तेथे पोहोचतो. पण सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच प्रमाणात सुमारे ४०,००० किलोमीटर दूर पडतो, म्हणजे त्याच्याकडे जाण्यास साऱ्या पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालावी लागेल.

अवकाश हे मुख्यतः रितेपण आहे, हे सत्य पुस्तकातून पाठ होते, परंतु पटते ते पायांनाच. त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही: शाळेच्या भिंतीवर १ मीटर ३९ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून, तेथून १५० मीटरांवर एका मुलाच्या तळहातावर काचेची गोटी ठेवावी, आणि इतर मुलांना तेथवर चालत न्यावे, खगोलशास्त्राचा पहिला धडा याहून चांगला देता येणार नाही.