भूगोलाचं पुस्तक आणि आपलं रान

हातातलं काम थांबवू नका, निवडायचं धान्य पुढ्यात घ्या, पण कान मात्र इकडे असू द्या. आज आम्ही बोलणार आहोत भूगोलावर. भूगोल म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींना शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवतो. गुरुजी छडी टेकवायचे आणि आपण नद्यांची नावं घोकायचो. पुढं शाळा सुटली, लग्न झालं आणि नद्याही विसरल्या.

आमच्या बचत गटातल्या बारावी झालेल्या सहा जणींनी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ते आपल्यासारख्यांसाठीच. रोज कॉलेजला जायला ज्यांना जमत नाही, त्यांनी पुस्तकं घरी वाचायची आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तासाला बसायचं. मराठी आणि इतिहास आम्ही लगेच निवडले. भूगोलाला कुणी तयार होईना. शेवटी केंद्रावरचे सर म्हणाले, "रानात राबणाऱ्या बायकांनी भूगोल शिकायचा नाही, तर कुणी शिकायचा?" घरी पुस्तक उघडलं, तर एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "पृथ्वी गोल हाय हे कळून भाकरी गोल होणार हाय का?" आम्हीही हसलो. पण त्या वर्षी आम्हाला जे कळलं, त्यानं गटाचा एक मोठा निर्णय बदलला. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

पहिल्या पुस्तकात तीन भाग होते. जमीन, हवा आणि पाणी यांचा प्राकृतिक भूगोल. माणसं कुठं राहतात, काय पिकवतात, गाव सोडून का जातात हे सांगणारा मानवी भूगोल. आणि तिसरा, नकाशा वाचण्याचा. नावं पाठ करणं त्यात थोडंच होतं. प्रत्येक धड्यात दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. ही गोष्ट इथंच का आहे? आणि पलीकडे का नाही?

आपल्या माण तालुक्याचंच बघा. महाबळेश्वर आपल्याच सातारा जिल्ह्यात. दहिवडीपासून सरळ रेषेत मोजलं तर शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि आपल्याकडे पाचशेच्या आतबाहेर. लहानपणी आम्हाला सांगितलं जायचं, की आपल्या गावाला शाप आहे. पुस्तकानं सांगितलं, शाप नाही, सह्याद्री आडवा आहे.

हे कसं होतं ते ऐका. अरबी समुद्रावरून येणारे वारे पाण्याची वाफ घेऊन येतात. समोर सह्याद्रीची भिंत आली की त्यांना वर चढावं लागतं. वर गेलेली हवा पसरते आणि पसरली की गार होते. सायकलच्या नळीतून फुस्सकन सुटणारी हवा हाताला गार लागते ना, तसंच. गार हवेत वाफ मावत नाही, तिचे थेंब होतात. भाताच्या झाकणाला आतून थेंब धरतात, त्यासारखं. मग घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून तीच हवा आपल्याकडे उतरते तेव्हा ती दाबली जाते, पुन्हा तापते आणि ढग विरळ होतात. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणून आषाढात ढग आपल्या डोक्यावरून पळतात आणि आपण बघत बसतो. आपली खरी आशा भाद्रपद-आश्विनातल्या पावसावर.

हे कळून पाऊस वाढत नाही, हे खरं आहे. पण जो पडतो, तो मोजता येतो. भूगोलाच्या वहीत आम्ही एक हिशोब मांडला, तो तुम्हीही लिहून घ्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर १ लिटर होतं. एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर. आता एका एकरावर वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती? सुमारे २० लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे २०० टँकर! आम्ही हा गुणाकार तीनदा करून पाहिला. ज्या गावात एका टँकरसाठी भांडणं होतात, तिथं प्रत्येक एकरावर आभाळातून २०० टँकर उतरतात. त्यातलं बरंच उन्हानं उडतं, काही पिकाला लागतं, काही मुरतं आणि उरलेलं ओढ्यानं वाहून जातं. आपल्याकडचं पाणी माणगंगेतून सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळतं, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्रावरून आलेला ढग आपल्या रानात पडतो आणि निघून जातो दुसऱ्याच समुद्राला. मधल्या मधे तो अडवायचा कुठं, हा खरा प्रश्न.

त्यासाठी नकाशा वाचता यावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभाग गावोगावच्या जमिनीचे नकाशे काढतो. हा विभाग १७६७ सालापासूनचा. आपल्या भागाचे नकाशे '४७ के' या खुणेखाली येतात. त्यांचं प्रमाण आहे एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर हा जमिनीवरचा ५०० मीटर. पाणी निळं आणि झाडी हिरवी हे आम्हाला लगेच कळलं. घोडं अडलं ते तपकिरी रेषांवर. कागदभर नुसत्या वळवळत्या रेषा!

त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात आणि या नकाशांत दोन रेषांमधला फरक २० मीटर उंचीचा असतो. आम्हाला हे डोक्यात शिरेना. तेव्हा सरांनी बटाटा आणायला सांगितला. तुम्हीही करून बघा. अर्धा कापलेला बटाटा परातीत उपडा ठेवा. बोटभर पाणी ओता. पाणी जिथं टेकलं, तिथं पेनानं सभोवार रेघ मारा. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. मग पाणी ओतून टाका आणि बटाट्याकडे वरून बघा. गोल गोल रेघा दिसतील. जिथं बटाट्याची बाजू उभी आहे, तिथं रेघा जवळ जवळ. जिथं उतार सावकाश आहे, तिथं लांब लांब. झाला समोच्च रेषांचा नकाशा!

ओढा ओलांडताना या रेषा कोनासारख्या वळतात आणि त्या कोनाचं टोक चढाकडे असतं. धारेवर मात्र तेच टोक उताराकडे असतं. धार म्हणजे जिथून पाणी दोन्ही अंगांना वाहून जातं ती कड, आपल्या घराच्या आढ्यासारखी. दोन धारांच्या मधलं सगळं पाणी ज्या ओढ्याला येतं, ते त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. 'पाणलोट' हा शब्द आपण सरकारी फलकावर कितीदा वाचला असेल. आम्हाला तो त्या दिवशी दिसला.

आता गटाची गोष्ट. आमच्यातल्या एका बहिणीनं बोअरसाठी ८० हजारांचं कर्ज मागितलं. त्याच रानात आधी दोन बोअर मारून झाले होते आणि दोन्ही कोरडे. जागा पाणाड्यानं दाखवलेली, तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून. तिसरी जागाही त्यानंच सांगितली. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या मजुरीतून जाणार, जामीन आम्ही सगळ्या. आणि जागा ठरवताना तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मैत्रिणींनो, हे काही एका घरचं नाही. रान त्यांचं, सही आपली, असं किती कर्जांत झालंय ते प्रत्येकीनं आठवून बघा.

बैठकीत आम्ही नकाशा पसरला. तिचं रान शोधलं, पाणाड्यानं सांगितलेली जागा शोधली. ती नेमकी धारेवर होती. पाणी दोन्हीकडून निघून जाणार तिथं. पण आम्ही घाई केली नाही, कारण नकाशा जमिनीच्या वरचं सांगतो, पोटातलं सांगत नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. अखंड काळ्या पाषाणात ते मुरतच नाही. म्हणून खोल गेलं की पाणी लागेलच, असं आपल्याकडे नसतं. भूजल सर्वेक्षणाच्या जाणकारांना जागा दाखवून घ्यावी, असं आम्ही ठरवलं. त्यांनी पाहणी केली आणि ती जागा नको म्हणून सांगितलं.

घरी वाद झाला. "चार बुकं शिकून बायका आम्हाला पाणी दाखवणार!" असंही ऐकून घेतलं. मग त्या बहिणीनं स्वतः परातीत बटाटा ठेवला आणि दिरांना दाखवला. शेवटी ठरलं, की ओढ्याकाठची बुजत आलेली जुनी विहीर उपसून काढायची आणि वरच्या बाजूच्या फुटलेल्या ताली सांधायच्या. त्याला ३० हजार लागले, तेवढंच कर्ज आम्ही दिलं. दरवर्षी दिवाळीला तळ गाठणारी विहीर त्या साली संक्रांतीनंतरही चालली. पाऊस त्या वर्षी बरा होता, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय पुस्तकाला नको. पण वाचलेले ५० हजार पुस्तकाचेच.

ज्यांना भूगोल शिकायचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पाठ करू नका, आकृती काढा. पाच वेळा काढलेली आकृती परीक्षेत हातातून आपोआप उतरते. मुलांचा नकाशासंग्रह घ्या आणि बातमीत ऐकलेलं प्रत्येक गाव त्यात शोधा. अक्षांश-रेखांशासारखा शब्द अडला, की आपल्या गावचं उदाहरण घ्या. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची, आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. आणि एकटीनं वाचू नका. आम्ही गटाच्या बैठकीत हिशोब झाले, की एक धडा मोठ्यानं वाचायचो. ज्यांनी परीक्षा दिली नाही, त्यांचेच प्रश्न सगळ्यात चांगले असायचे.

आता या आठवड्याचं काम. सपाट तळाची, सरळ बाजूंची बाटली किंवा डबा घ्या. झाडापासून आणि वळचणीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीनं मोजा आणि मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. गुंठ्याचा हिशोब तुम्हाला आता येतोच.

आणि पुढच्या वेळी विहिरीच्या, बोअरच्या किंवा शेततळ्याच्या कर्जाचा कागद समोर आला, तर पेन उचलण्याआधी एवढं विचारा: जागा कुठं आहे? तिथंच का? तिथं पाणी येतं कुठून? उत्तर मिळालं तरच सही करा.