पोर्ट फॉरवर्डिंग

पोर्ट फॉरवर्डिंग ही संगणकीय जाळ्यातील अशी व्यवस्था आहे, जिच्यामुळे आंतरजालावरून राउटरकडे आलेली जोडणी आतील एका ठरावीक उपकरणाकडे वळवली जाते. घरातील सीसीटीव्हीचे चित्रण परगावाहून पाहणे, घरच्या संगणकावरील फाइली बाहेरून उघडणे, स्वतःचा गेम सर्व्हर चालवणे यांसाठी तिचा उपयोग होतो. ती चालण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात: आतील उपकरणाचा पत्ता स्थिर असणे आणि राउटरला सार्वजनिक आयपी पत्ता प्रत्यक्ष मिळालेला असणे. पुण्यासारख्या शहरातील घरगुती ब्रॉडबँडवर दुसरी अट अनेकदा पूर्ण होत नाही. नियम अचूक भरूनही जोडणी होत नसेल, तर कारण बहुधा तेथेच सापडते.

पार्श्वभूमी

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे जगात एकूण सुमारे ४३० कोटीच पत्ते शक्य आहेत. आशिया-प्रशांत विभागात पत्त्यांचे वाटप करणाऱ्या एपनिक या संस्थेचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या गटापर्यंत आला. या टंचाईवर उपाय म्हणून १९९० च्या दशकातच नॅट ही पद्धत पुढे आली होती. तीत घरातील सर्व उपकरणे १९२.१६८ ने सुरू होणारे किंवा तत्सम खाजगी पत्ते वापरतात आणि बाहेर एकाच सार्वजनिक पत्त्याने वावरतात.

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्याशी ही रचना ताडून पाहता येते. वाड्याचा घर क्रमांक एक, दिंडी दरवाजा एक. आत मात्र दहा बिऱ्हाडे. आतून एखाद्या बिऱ्हाडाने पत्र धाडले, तर त्याचे उत्तर कोणाकडे द्यायचे याची नोंद दरवाजाशी बसलेल्या माणसाने ठेवली आहे, अशी कल्पना करावी. नुसत्या घर क्रमांकावर आलेले अनपेक्षित पत्र मात्र तो परत पाठवील. अशी पत्रे अमुक खोलीत द्यावीत, ही त्याला आधी दिलेली सूचना म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग होय. पत्रांचे प्रकार ओळखण्याचे काम पोर्ट क्रमांक करतो. तो १ ते ६५,५३५ यांपैकी असतो.

पत्त्यांचे वाटप

राउटरमधील डीएचसीपी ही सेवा प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देते. मुदत संपल्यावर किंवा वीज जाऊन आल्यावर कॅमेऱ्याला निराळा पत्ता मिळू शकतो आणि लिहिलेला नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवू लागतो. म्हणून नियम लिहिण्यापूर्वी पत्ता राखून ठेवतात. राउटरचे व्यवस्थापन पान (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) उघडून, उपकरणाच्या मॅक पत्त्यासमोर हवा तो आयपी पत्ता नोंदवला की झाले. येथे अंक देवनागरीत असले, तरी राउटरमध्ये ते आंतरराष्ट्रीय अंकांतच भरावे लागतात. अलीकडचे मोबाइल संच गोपनीयतेसाठी प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता सांगतात. अशा संचासाठी आरक्षण करायचे असल्यास ती सोय त्या वायफायपुरती बंद करणे इष्ट.

नियम व चाचणी

नियमात बाहेरील पोर्ट, आतील पत्ता, आतील पोर्ट आणि टीसीपी किंवा यूडीपी हा प्रकार भरतात. उदाहरणार्थ, बाहेरून ८५५४ या पोर्टवर आलेली टीसीपी जोडणी १९२.१६८.१.५० या कॅमेऱ्याच्या ५५४ या पोर्टकडे द्यावी. चाचणी घरच्या वायफायवरून घेऊ नये. अनेक राउटर आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे गेलेली जोडणी परत आत वळवत नाहीत, त्यामुळे योग्य नियमही चुकीचा भासतो. मोबाइल डेटावरून केलेली चाचणी विश्वसनीय ठरते.

सार्वजनिक पत्त्याचा प्रश्न

पत्ते अपुरे पडल्याने अनेक सेवादाते स्वतःच्या पातळीवर आणखी एक नॅट बसवतात आणि शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. वाड्याच्याच भाषेत, येथे संपूर्ण पेठेला एकच वेस असते आणि वेशीवरच्या माणसाला सूचना देण्याचा अधिकार ग्राहकाला नसतो. याची ओळख सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरील पत्ता आणि पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता वेगळे असतील, तर मध्ये आणखी एक नॅट आहे. पहिला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर तो सेवादात्याचाच नॅट समजावा. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठी राखला गेला. पहिला पत्ता १९२.१६८ चा असेल, तर सेवादात्याने बसवलेल्या फायबरच्या पेटीमागे ग्राहकाने स्वतःचा राउटर जोडलेला असण्याची शक्यता अधिक. ही अडचण पेटीला ब्रिज पद्धतीत टाकून सुटते. सेवादात्याच्या नॅटवर मात्र शुल्क भरून स्थिर पत्ता घेणे, किंवा बाहेरच्या सर्व्हरमार्फत व्हीपीएन चालवणे, एवढेच मार्ग उरतात.

सुरक्षितता

उघडलेले पोर्ट मालकाप्रमाणेच इतरांनाही दिसते. २०१६ मधील मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या साहाय्याने डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. मुले परदेशी असलेल्या घरांत वृद्ध पालकांच्या काळजीने बसवलेला कॅमेराही त्याच जातीचा असतो. परवलीचा शब्द बदलणे, फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आणि उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी सोय बंद करणे ही किमान काळजी होय. कॅमेऱ्याचे पोर्ट थेट न उघडता राउटरवरील व्हीपीएनपुरतेच एक पोर्ट उघडणे हा यापेक्षा चांगला मार्ग आहे.

आयपीची सहावी आवृत्ती

सहाव्या आवृत्तीतील पत्ता १२८ बिटांचा असतो. भारताच्या दूरसंचार विभागाने तिच्या स्वीकारासाठी जुलै २०१० मध्ये राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. तीत प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकत असल्यामुळे जोडणी वळवावी लागत नाही; राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्याला व पोर्टला परवानगी दिली की पुरते. अर्थात पाहणाऱ्याच्या बाजूलाही सहावी आवृत्ती उपलब्ध असावी लागते.