उताऱ्यातला ‘देम’ कोण?

धारणी तालुक्यातल्या बऱ्याच मुलांची इंग्रजी ही चौथी भाषा. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, मग इंग्रजी. दहावीच्या ८० गुणांच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत तीन गद्य उतारे येतात, प्रत्येकी १० गुणांचे. दोन पुस्तकातले, एक अनोळखी. प्रत्येकाखाली पाच कृती: दोन माहितीच्या, मग शब्दसंग्रह, व्याकरण आणि स्वतःचे मत. मुले व्याकरण वेगळे पाठ करतात आणि उतारा वेगळा वाचतात. गुण जातात ते इथेच.

समजा, उतारा असा आहे: ‘इन समर द सिपना श्रिंक्स टू अ फ्यू पूल्स. अ‍ॅनिमल्स गॅदर अराउंड देम. द गार्ड्स काउंट देम अ‍ॅट नाइट.’

‘श्रिंक्स’ माहीत नाही? हरकत नाही. आधी उन्हाळा आहे, पुढे थोडेसे डोह उरलेत. म्हणजे सिपना नदी आटते. शब्दार्थ असा शेजारच्या शब्दांतून निघतो. ‘अ फ्यू’मधला ‘अ’ मात्र गाळू नका. नुसते ‘फ्यू’ म्हटले की डोह जवळजवळ उरलेच नाहीत असे होईल.

आता ‘देम’. तो दोनदा आलाय. प्राणी ज्यांच्याभोवती जमतात ते डोह. वनरक्षक मोजतात ते प्राणी. सर्वनाम तेच, पण ते ज्यासाठी आले ते नाम बदलले, म्हणजे अर्थ बदलला. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावरून प्राणी मोजतात हे ठाऊक असलेल्या मुलाला हे झटकन कळते. इतरांनी मागच्या वाक्यांतली अनेकवचनी नामे घेऊन एकेक घालून पाहावीत. रात्री जागून डोह कोण मोजेल?

हे सुटले की ‘व्हॉइस’ बदलणे सोपे. ‘काउंट’ला कर्म आहे, म्हणून ‘दे आर काउंटेड अ‍ॅट नाइट बाय द गार्ड्स’. ‘देम’चे ‘दे’ झाले. इथल्या ‘श्रिंक्स’ला कर्मच नाही, तेव्हा त्या वाक्याचा ‘पॅसिव्ह’ होत नाही. नियम पाठ असूनही मुले तो करू पाहतात, कारण कोण काय करतो हे वाक्यात शोधलेलेच नसते.

माहितीच्या कृतींबद्दल फार सांगण्यासारखे नाही: आधी प्रश्न वाचा, मग उतारा. शेवटच्या मताच्या कृतीत उताऱ्यातलीच वाक्ये उतरवू नका. साध्या इंग्रजीत आपली दोन-तीन वाक्ये लिहा. जागा कोरी मात्र ठेवू नका.