ट्यून केली आणि पिकअप गेला: गाडी 'लीन' का चालते?

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी. ज्यांनी हौसेनं गाडी ट्यून करून घेतलीय आणि आता डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा बघत बसलेत, त्यांच्यासाठी तर खासच. ऐकायला वेळ नसेल तर हा घ्या लेखी मजकूर.

गोष्ट माझीच आहे. माझ्याकडे एक सेकंड हँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवाळीच्या आधी मी तिचं स्टेज वन ट्यूनिंग करून घेतलं. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, ईसीयूमधली सेटिंग बदलली. सोबत तो धुऊन, तेल लावून परत वापरायचा एअर फिल्टर. पहिले तीन आठवडे काय सांगू, गाडी हवेत! मग एका रविवारी जालन्याहून समृद्धीनं परत येत होतो. मागच्या सीटवर आई. ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि गाडीनं दोन झटके दिले, दिवा लागला, पिकअप गायब. आरशात मागच्या गाडीचे हेडलाइट मोठे मोठे होत होते. कसाबसा डावीकडे आलो. आई वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं जाईन."

दुसऱ्या दिवशी मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड आला पी ०१७१. सिस्टिम टू लीन.

लीन म्हणजे काय? पेट्रोल नीट जळायला हवा आणि पेट्रोलचं एक प्रमाण लागतं. शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल. हवा जास्त, पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन. उलटं झालं तर रिच. सावकाश चालवताना मिश्रण थोडं लीन झालं म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. पण टर्बो जोरात हवा कोंबतोय आणि पेट्रोल पुरत नाही, तेव्हा खरा धोका असतो. फुल लोडवर मिश्रण मुद्दाम रिच ठेवतात, कारण जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता खेचून घेतं. ते मिळालं नाही की तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं, आणि शेवटी पिस्टन फुटतो किंवा वितळतो. मग इंजिन खोलायचं बिल येतं.

आता माझी चूक ऐका. कोड बघून एका ठिकाणी सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदला." मी बदलला. साडेसहा हजार गेले. चौथ्या दिवशी दिवा परत हजर!

आमच्या एन सेव्हनमध्ये शेजारी एक काका राहतात. वाळूजच्या एका कंपनीत आयुष्यभर क्वालिटीत होते. मी वैतागून सगळं सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सेन्सर खराब आहे हे मोजलं होतंस का?" मी गप्प. काका म्हणाले, "अरे, कोड म्हणजे तक्रार. ताप आलाय एवढंच त्यानं सांगितलं. ताप कशानं आला, ते तुला शोधायचंय."

बघा ना, वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. अर्ध्या शहराच्या घरात कुणीतरी व्हर्नियर हातात धरलेला माणूस आहे. आणि आपण गाडीचा पार्ट अंदाजानं बदलतो!

तर मोजायचं काय? स्कॅनरच्या ॲपमध्ये दोन आकडे असतात. शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की ऑक्सिजन उरतोय, मग ईसीयू पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवलं, ते हे आकडे दाखवतात. शॉर्ट म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग म्हणजे पाठ झालेली सवय. दोन्हींची बेरीज करायची. साधारण पाच टक्के इकडे-तिकडे ठीक. दहाच्या वर गेली तर शोध सुरू करायचा. वीस-पंचवीसला बहुतेक गाड्या दिवा लावतात.

आता खरी गंमत ऐका. आकडा किती आहे यापेक्षा तो कधी वाढतो, हे जास्त महत्त्वाचं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तीन वेळा बघायचं: उभ्या गाडीत आयडलला, उभ्यानंच अडीच हजार आरपीएमला, आणि चढावर एकसारख्या वेगात. रस्त्यावरचा आकडा शेजारी बसलेल्यानं लिहायचा. चालवणाऱ्यानं मोबाइल बघायचा नाही.

पहिला प्रकार. आयडलला आकडा मोठा आणि रेस दिली की कमी. याचा अर्थ कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. नळाला करंगळीएवढी धार आहे, ती आपल्याला नवी नाही, आणि पाइपाला बारीक भोक आहे. धार बारीक असताना ते भोक जाणवतं, जोरात पाणी आलं की तेवढ्याच गळतीचं काही वाटत नाही. इथेही तसंच, फक्त हवा बाहेर जायच्याऐवजी आत येते. चिरलेला होज, सैल क्लिप, इनटेकचं गॅस्केट हे बघायचं.

दुसरा प्रकार. आयडलला ठीक, लोडवर आकडा वाढतो. म्हणजे मागणी वाढल्यावर पुरवठा कमी पडतोय. फ्युएल पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, इंजेक्टर घाण झालेत. नाहीतर एअर फ्लो सेन्सर घाण झाल्यामुळे आत गेलेली हवा कमी मोजतोय. इथे पेट्रोलचं प्रेशर मोजल्याशिवाय पंप बदलायचा नाही.

तिसरा प्रकार. सगळीकडे जवळजवळ सारखाच आकडा. तेव्हा हिशोबातच फरक असतो. सेन्सर बसतो तो पाइप मूळ पाइपापेक्षा रुंद टाकला आणि ट्यूनमध्ये ते सांगितलंच नाही, तर सेन्सर कायम हवा कमी मोजतो. दुसरं कारण आपल्या पंपावरचं पेट्रोल. ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉलला हवा कमी लागते, साधारण ९ ला १. त्यामुळे ई१० चं योग्य प्रमाण १४.१ च्या आसपास, तर ई२० चं १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला चार-पाच टक्के जास्त पेट्रोल. तुमची ट्यून दुसऱ्या पेट्रोलवर बेतलेली असेल, तर एवढा फरक दिसणारच. ट्यूनरला हे स्पष्ट विचारा.

आणि एक फसवा प्रकार. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला लीक असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन नसतानाही लीन दिसतं. एखादा प्लग मिसिंग करत असेल तरी तेच, न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो.

माझे आकडे असे आले. आयडलला अधिक २३. अडीच हजारला अधिक ८. चढावर अधिक १३. काकांनी कागदावर लिहून घेतले आणि म्हणाले, "तेवीसचे आठ झाले, म्हणजे हवेचा लीक. पण आठचे परत तेरा का झाले? चोर दोन आहेत."

मग स्मोक टेस्ट केली. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये हलक्या दाबानं धूर सोडतात, जिथून धूर बाहेर येईल तिथे लीक. दोन मिनिटांत ब्रीदर पाइपाच्या वाकणातून धूर निघाला. उष्णतेनं कडक झालेलं जुनं प्लास्टिक, फिल्टर बसवताना कुणाचा तरी हात जोरात पडला असणार. पाइप बदलला. आयडल अधिक ५ वर आलं, चढावर अजून अधिक १२. मग एअर फ्लो सेन्सर काढून बघितला, तर त्यावर तेलाचा थर! नव्या फिल्टरला मी हौसेनं जास्त तेल चोपडलं होतं, ते उडून सेन्सरवर बसलं. त्या सेन्सरच्याच स्प्रेनं साफ केला, पूर्ण वाळू दिला, बसवला. आता आयडलला अधिक ४, चढावर अधिक ५. उरलेल्या चार-पाचचं कारण बहुधा पंपावरचं ई२०.

दोन्ही मिळून खर्च झाला त्या ऑक्सिजन सेन्सरच्या निम्म्याहूनही कमी.

मग ट्यूनचा दोष नव्हता का? थोडा होता. आधीही पाइप चिरला असता तर दिवा लागला असता, पण इंजिनाजवळ थोडी सवलत शिल्लक होती. ट्यूननं बूस्ट वाढवला आणि ती सवलत खाल्ली. आधी चालून गेलं असतं ते आता झटके देऊन सांगतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लीनचा कोड आल्यावर कारण सापडेपर्यंत फुल रेस बंद. दिवा सतत लुकलुकत असेल तर मिसिंग चालू आहे, गाडी बाजूला घ्या. दोन, लीक शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका. तो जुगाड आग लावतो. तीन, फुल लोडवर बऱ्याच गाड्यांत ईसीयू ट्रिम बाजूला ठेवून ठरलेल्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे चांगले ट्रिम म्हणजे सगळं सुखरूप असं नाही. ट्यूनरकडून वाइडबँड सेन्सरचा, लोडवरचा लॉग मागा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे ट्यून करायच्या आधी तुमच्या गाडीचे हे तीन आकडे लिहून ठेवा. माझ्याकडे ते असते तर साडेसहा हजार वाचले असते.

आई अजून गाडीत बसत नाही, पण मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, "झाली का रे ती नीट?" मी आकड्यांचा कागद दाखवला. ती म्हणाली, "मला कागद नको, एकदा पैठणला नेऊन आण." तर या रविवारी पैठण. सावकाश.

तुमच्या गाडीचे तीन आकडे व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात काकांना घेऊन बसतो. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!