'दुसऱ्या' या शब्दाची लांबी किती?

आजचा भाग मुलुंडहून, घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्ये कुकरच्या शिट्ट्या होत्या, त्या या लेखी रूपातून काढल्यात. बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर काहींनी विचारलं होतं, एडिटर लिहायचा तर स्ट्रिंगचा टाइप कसा असावा? उत्तर द्यायच्या आधी माझी फजिती सांगतो. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची संमतीपत्रं गोळा करणं चालू होतं. सभासदांची यादी जुनी, कुणीतरी पूर्वी टाइप केलेली. संमती दिलेल्यांची यादी मी केली. मी हौसेनं एक छोटा एडिटर लिहिलाय, त्यातच दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. पाच नावं 'संमती बाकी' म्हणून निघाली. मी ती कमिटीच्या ग्रुपवर टाकून मोकळा! अर्ध्या तासात चौथ्या मजल्यावरच्या काकू दारात. "अरे, पहिल्या दिवशी पहिली सही माझी आहे. आणि मी आडकाठी करतेय असं सगळ्यांना सांगतोस?" ज्या इमारतीत वर्षभर हाच एक वाद चाललाय, तिथे ही चूक लहान नसते.

काकूंचं आडनाव सांगत नाही, पण त्यात 'ऱ्ह' आहे. उरलेल्या चार नावांतही 'ऱ्य' नाहीतर 'ऱ्ह' होतंच. पडद्यावर दोन्ही याद्यांतली नावं अगदी एकसारखी. आत मात्र वेगळी.

कसं ते बघा. 'दुसऱ्या' हा साधा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो असा साठवतात: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. सात कोडपॉइंट. पण तोच 'ऱ्य' आणखी दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे र, मग नुक्ता, मग हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह. जुन्या मजकुरात हा दुसरा प्रकार बराच सापडतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने एकच होतात. तिसरा होत नाही! प्रमाणानुसार तो वेगळाच मजकूर आहे. माझा एडिटर नॉर्मलायझेशन करत होता, आणि मी त्यावर निर्धास्त होतो.

मग तुम्ही म्हणाल, ते अदृश्य चिन्ह सरळ काढून टाक. मीही आधी तेच केलं. पण आपल्या भाषेत आचारी वेगळा आणि आचार्य वेगळे. 'आचाऱ्याला' तिसऱ्या प्रकाराने लिहिलेलं असेल आणि जॉइनर काढला, तर उरतं 'आचार्याला'. स्वयंपाक्याला दिलेला निरोप गुरुजींकडे गेला. तसंच 'दऱ्या' आणि 'दर्या'. डोंगरातून थेट समुद्रात.

आता लांबीकडे येऊ. पायथॉनला 'दुसऱ्या'ची लांबी विचारली तर सांगेल सात, कारण ती कोडपॉइंट मोजते. जावास्क्रिप्टही सातच सांगेल, पण ती मोजते यूटीएफ-१६ चे तुकडे. इमोजी आला की दोघींचं जमत नाही. रस्ट आणि गो सांगतील २१, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला तीन बाइट लागतात. आणि चौथीतल्या मुलाला विचारलं तर तो म्हणेल तीन: दु, स, ऱ्या. या मोजणीला युनिकोडवाले ग्राफीम क्लस्टर म्हणतात. स्विफ्ट भाषेत स्ट्रिंगची लांबी याच हिशोबाने येते. गंमत अशी, की २०२३ मध्ये युनिकोड १५.१ येईपर्यंत प्रमाणातल्या मूळ नियमाने हे उत्तर चार होतं, कारण हलन्तापाशी तुकडा पडायचा. देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम तेव्हा आला. म्हणजे फाइल तीच, शब्द तोच, आणि लायब्ररी अपडेट केली की लांबी बदलली. म्हणून कर्सरची जागा 'इतकावं अक्षर' अशी फाइलमध्ये कधीही साठवू नये.

माझं मत असं झालंय, की एडिटरसाठी भाषा बनवायची तर स्ट्रिंगला नुसती 'लांबी' विचारताच येऊ नये. बाइट विचारा, कोडपॉइंट विचारा, अक्षरं विचारा. एकक न सांगता विचारलं तर कंपायलरनेच अडवावं. आणि जागा ही पूर्णांक संख्या नसावी, तिचा वेगळा टाइप असावा. म्हणजे 'जागा अधिक एक' असं कुणी लिहूच शकणार नाही. 'पुढचं अक्षर' किंवा 'पुढचा कोडपॉइंट' असंच मागावं लागेल. रस्ट अर्ध्या वाटेवर येते: कोडपॉइंटच्या मधोमध कापायला गेलात तर प्रोग्राम तिथेच थांबतो. पण ऱ आणि हलन्त यांच्या मध्ये खुशाल कापू देते.

एडिटरमध्ये अख्खी फाइल एकाच सलग स्ट्रिंगमध्ये ठेवत नाहीत, कारण मध्ये एक अक्षर घातलं की पुढचं सगळं सरकवावं लागतं. ईमॅक्स कर्सरपाशी मोकळी जागा ठेवतो, तो गॅप बफर. व्हीएस कोडने २०१८ मध्ये पीस टेबलचं झाड घेतलं. तिसरा प्रकार रोप, त्यावरचा बोम, ॲटकिन्सन आणि प्लास यांचा लेख १९९५ चा. मजकुराचे तुकडे झाडाच्या पानांवर, म्हणून घालणं-काढणं स्वस्त. माझा रोपच आहे. पण पान कुठे तुटेल याचा नेम नसतो: एका पानाच्या शेवटी ऱ, पुढच्याच्या सुरुवातीला हलन्त. अक्षर शोधणारा कोड एकाच पानावर बघत असेल तर कर्सर 'ऱ्या'च्या पोटात जाऊन बसतो. मला हे कळायला दोन रविवार लागले.

आता जोडाक्षर दिसतं कसं? ते स्ट्रिंगचं काम नाहीच. स्ट्रिंग फक्त क्रम ठेवते. जोडणी फॉन्ट आणि शेपिंग इंजिन करतं. विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट आठवतोय ना? तो र. कृ. जोशींनी केला. ते पवईच्या आयआयटीत शिकवायचे आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत काम करत होते. म्हणजे आपल्याच उपनगरांतली गोष्ट. फॉन्ट चोख असल्यामुळेच तिन्ही प्रकार सारखे दिसले आणि मी फसलो, हेही खरं!

शेवटी मी काय केलं? फाइलमधला मजकूर जसाच्या तसा ठेवला. कुणाच्या फाइलचे बाइट एडिटरने न विचारता बदलू नयेत. शोधासाठी मात्र वेगळी किल्ली तयार होते: र, हलन्त, जॉइनर दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त, मग उरलेले जॉइनर गाळायचे, मग नॉर्मलायझेशन. क्रम महत्त्वाचा, नाहीतर आचारी परत आचार्य होतो. किल्लीत सात कोडपॉइंट, मूळ मजकुरात आठ, म्हणून सापडलेला शब्द रंगवताना मूळ जागेकडे परतायला एक तक्ता लागतो.

बॅकस्पेसचं अजून ठरत नाहीये. कर्सर अख्ख्या 'ऱ्या'वरून उडी मारतो, ते बरोबर वाटतं. पण बॅकस्पेस दाबल्यावर नुसता काना जावा की अख्खं अक्षर? मी सध्या नुसता काना घालवतो, कारण टाइप करताना चूक बहुधा शेवटच्या कळीचीच असते.

काकूंना नवी यादी छापून नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "आता ग्रुपवर पण टाकलंस ना?"