पेडलवरची पाणबुडी

या पाणबुडीत आत पाणीच भरलेलं असतं. चालवणारा तोंडात हवेच्या सिलिंडरची नळी धरून पालथा पडतो, पायांनी पेडल मारतो आणि मागचा पंखा फिरतो. इंजिन नाही, मोटार नाही. भाच्याने मोबाइलवर हे दाखवून विचारलं, "मामा, अशी बॉडी काढशील का?" अंबरनाथच्या एमआयडीसीत माझं फायबरचं काम आहे, त्यामुळे मीही आधी बॉडीच पाहिली.

अशा पाणबुड्यांची इंजिनिअरिंगच्या मुलांची शर्यत असते. ती 1989 साली फ्लोरिडाच्या समुद्रात सुरू झाली. 1995 पासून ती मेरीलँडमध्ये, अमेरिकी नौदल जहाजांची मॉडेलं तपासतं त्या बंदिस्त हौदात होते. इंग्लंडात गॉसपोर्टलाही अशी शर्यत 2012 पासून होते. तिथे वळणंही घ्यावी लागतात. 2007 साली माँट्रियलच्या मुलांच्या 'ओमेर 5'ने 8.035 नॉट गाठले, म्हणजे ताशी जेमतेम 15 किलोमीटर. भाचा म्हणाला, "एवढंच?"

आमच्या चामटोलीच्या माणसाने तरी हे विचारू नये. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या गावाजवळ उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा मांडीभर पाण्यात चार पावलं टाकताना भल्याभल्यांचा दम निघाला होता. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट जड. त्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते, आणि माणसाचे पाय थोडा वेळच काय ते तीनेकशे वॅट देणार. पाय वाढवता येत नाहीत, मग अडथळा कमी करायचा. माझ्या मते ही शर्यत पॉलिश पेपरवर जिंकतात. फोमचा नमुना कापायचा, पुट्टी भरायची, पाणी मारून घासत बसायचं. डोळे मिटून तळवा फिरवला की नजरेला न दिसलेली लाट हाताला लागते, पुन्हा पुट्टी. मग कुठे वॅक्स, जेलकोट, मॅट आणि रेझिन.

दुसरी डोकेदुखी तोलाची. वर फोम, खाली शिसं लावून ती बुडणारही नाही, तरंगणारही नाही अशी ठेवायची. पण हवा वापरली जाते तसा सिलिंडर हलका होतो, आणि सोडलेले बुडबुडे छताला अडकले की नाक वर जातं. म्हणून वर भोकं ठेवतात. चालवणाऱ्याच्या मुठीत एक कळ दाबलेली असते. मूठ सुटली की बोया वर येतो आणि पाणबुडे धावतात. मला सगळ्यात पटली ती ही कळ.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीतल्या मुलांची 'मत्स्य' आहे, सॅन दिएगोत झालेल्या रोबोसब स्पर्धेत उतरलेली. पण ती बॅटरीवर, आपली आपण चालते. आत माणूस नाही.

भाच्याच्या कॉलेजने मनावर घेतलं तर साचा जानेवारीत काढायचा, असं मी सांगून ठेवलंय. पाऊस लागला की आमच्याकडे दमट हवेत जेलकोट चिकटच राहतो. रेझिनचा खर्च कॉलेजने करायचा, आणि घासायला पोरांनीच यायचं.