ग्लुटेनमुक्त आहार व भात

गहू, जव व राय या तृणधान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन कटाक्षाने वर्ज्य करणाऱ्या आहारास ग्लुटेनमुक्त आहार म्हणतात. सीलियाक या रोगावर हाच मान्य उपचार असून तो आयुष्यभर पाळावा लागतो. तांदळात हे प्रथिन नसल्यामुळे भात हे अशा आहारातील सर्वांत सोयीचे अन्न होय. मुंबईचा परिसर व कोकण हा मुळात भात खाणारा प्रदेश असल्याने येथील रुग्णाचे काम सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तांदूळ ज्या गिरणीत दळला जातो व भात ज्या पदार्थांबरोबर खाल्ला जातो, तेथे अडचणी उभ्या राहतात.

ग्लुटेन हे मुख्यत्वे ग्लायाडीन व ग्लुटेनीन यांचे बनलेले असते. कणीक मळली असता तिला येणारा चिवटपणा व ताण त्याचाच. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या प्रकारांची जनुके असलेल्या काही व्यक्तींत ग्लुटेनमुळे प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्यातील बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर झिजून सपाट होतात व अन्नघटकांचे शोषण नीट होत नाही. मुलांत जुलाब, पोट फुगणे व वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. प्रौढात कधीकधी केवळ बरा न होणारा रक्तक्षय किंवा हाडांचा ठिसूळपणा एवढेच आढळते. सॅम्युएल गी या इंग्रज वैद्याने १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तरी कारण उमगण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला. व्हिलेम डिके या डच बालरोगतज्ञाने गहू वर्ज्य केल्याने मुले सुधारतात हे ताडले होते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पडलेल्या अन्नटंचाईत पाव मिळेनासा झाला असता अशी मुले सुधारली व पाव पुन्हा मिळू लागताच ती आजारी पडली, या अनुभवाने त्याच्या मतास बळकटी मिळाली. त्याचा प्रबंध १९५० मध्ये सिद्ध झाला.

तांदळातील मुख्य प्रथिन ग्लुटेलीन गटातील आहे. नावातील साम्यामुळे घोटाळा होतो, परंतु या रोगाशी त्याचा संबंध नाही. चिकट तांदळाविषयीही असाच गैरसमज आढळतो. आंबेमोहर किंवा इंद्रायणी या तांदळांचा भात चिकट होतो, तो त्यांच्या स्टार्चच्या घडणीमुळे. ग्लुटेनचा त्यात अंशही नसतो.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत या रोगाची निदर्शक प्रतिपिंडे उत्तर भारतात १·२३ टक्के, तर दक्षिणेत ०·१० टक्के लोकांत आढळली. संबंधित जनुकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. गव्हाच्या रोजच्या सेवनात मात्र फार मोठे अंतर होते. या दृष्टीने अंधेरीसारख्या उपनगराचे उदाहरण लक्षणीय आहे. आंबोली, मरोळ, वेसावे ही तेथील जुनी गावठाणे साष्टी बेटावरील असून या बेटाचे प्रमुख पीक भात होते. १९४२ मध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. त्या काळात पुष्कळ भातखाऊ घरांत पोळी व पाव रोजचे झाले. शिवाय गहू खाणाऱ्या प्रांतांतून आलेली कुटुंबेही आता तेथे मोठ्या संख्येने राहतात.

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका पिठाच्या गिरणीत असतो. एकाच जात्यातून गहू व त्यामागून तांदूळ दळला जातो. आधीचे पीठ दगडांच्या खाचांत व नळीत राहते आणि नंतरच्या पिठात उतरते. रोज ५० मिग्रॅ. ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्यास इजा होते, असे इटालियन संशोधकांना २००७ मध्ये आढळले. एवढे ग्लुटेन सु. अर्धा ग्रॅम गव्हाच्या पिठात, म्हणजे चिमूटभरात, असते. अख्खा तांदूळ निवडता व धुता येतो, पिठाला ती सोय नाही. म्हणून भाकरी, घावन व उकडीचे मोदक यांसाठी तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या स्वतंत्र यंत्रावर दळणे इष्ट. बंद पाकिटातील पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने किलोग्रॅममागे २० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा ठरविली आहे. सुट्या पिठास मात्र असे लेबलच नसते.

दुसरा धोका तोंडी लावण्यात असतो. आजाऱ्यास मऊ भात, तूप व मेतकूट देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु मेतकुटात डाळी व तांदूळ यांच्याबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात. वरण-आमटीच्या फोडणीतील पुडीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या बाटली मसाल्यात पुष्कळदा गहू असतो, तर त्यांच्या लग्नसमारंभातील फुगे मैद्याचेच. मासे तळताना त्यांना रवा लावतात. तेथे तांदळाचे पीठ चालते, किंबहुना जुनी चाल तीच. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. कॅथलिक पंथात प्रभुभोजनाची भाकर गव्हाचीच लागते, तांदळाची चालत नाही. अत्यल्प ग्लुटेनच्या भाकरीस मात्र अनुमती आहे. अशा प्रसंगी नकार देणे रुग्णास, विशेषतः लहान मुलास, फार जड जाते.

केवळ भातावर राहणेही हितावह नाही. सडलेल्या तांदळात प्रथिने ६ ते ८ टक्केच असून लोह, तंतू व ब गटातील जीवनसत्त्वे कमी असतात, आणि रुग्णास बहुधा नेमका लोहाचाच तुटवडा असतो. उकड्या तांदळात ब जीवनसत्त्वे अधिक टिकतात. १०० ग्रॅ. नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम १०. ज्वारी, बाजरी, वरी व डाळी यांतही ग्लुटेन नसते; दळण्याविषयीची दक्षता त्यांनाही लागू आहे. पाण्यातून व मातीतून तांदळात अल्प प्रमाणात आर्सेनिक येते; भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी वेळून टाकल्यास ते कमी होते, मात्र त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात.

रोगाची नुसती शंका आल्याबरोबर गहू सोडून भात सुरू करणे चूक होय. गहू बंद होताच रक्तातील प्रतिपिंडे घटू लागतात व आतडे भरून येऊ लागते. त्यामुळे पुढील तपासणीत रोग असूनही तो सापडत नाही. रक्ततपासणी व आतड्याच्या ऊतकाची परीक्षा पूर्ण होईपर्यंत नेहमीचा आहारच चालू ठेवतात. [⟶ गहू; तांदूळ].